आग न पाहिलेलं पाणी

रामनवमीच्या सकाळी कस्तुरीनं हंड्याखाली चूल पेटवली आणि घटकाभरात स्वतःच्याच हातानं विझवली.

मारतहळ्ळीच्या पुढं, तळ्याच्या काठी एक गाव आहे. तिथं तिच्या सासरच्यांनी बांधलेलं रामाचं छोटं देऊळ, आणि देवळाच्या अंगणात आड. अठराशे अठ्ठ्याण्णव साली बेंगळुरात प्लेग आला तेव्हा पेठेतलं हे मराठी कुटुंब लेकरंबाळं पाठीशी बांधून इकडं पळालं. गावानं वेशीतच अडवलं. रोग घेऊन आलेल्यांना कोण आत घेणार? पण गावातल्या नागोजीच्या पणज्यानं या आडाचं पाणी शेंदलं आणि उंचावरून एकेकाच्या ओंजळीत ओतलं. तीन दिवस. त्या पाण्यावर सात माणसं जगली. सात जगली म्हणून घर उरलं, चिकपेठेत कापडाचं दुकान झालं, जयनगरात बंगला झाला. आणि नवस झाला: दर रामनवमीला याच आडाच्या पाण्याचं पानक साऱ्या गावाला द्यायचं. गूळ, सुंठ, वेलची, लिंबू. आग दाखवायची नाही. आगीवरचं अन्न ज्याच्या त्याच्या चुलीचं असतं, जातीचं असतं. कच्चं पाणी सगळ्यांचं. त्या काळी या एका हंड्याशी सारं गाव एका रांगेत उभं राहिलं, ते त्या न पेटलेल्या चुलीमुळं.

नवस वाढत गेला. वैशाखात वाटसरूंना ताक, जूनमध्ये पोरांना पाट्या, थंडीत म्हाताऱ्यांना घोंगड्या. पण पानक ते पानक. घरोघरी बाटलीत भरून ठेवायचे. कुणाला ताप आला, बाळंतीण अडली, म्हैस चरेना, की त्यातला एक चमचा. आंबट झालं तरी चमचा. कस्तुरीच्या सासऱ्यांच्या, मुकुंदरावांच्या हातचं, रामाच्या आडाचं.

शहाण्णव वर्षं असं चाललं.

रामनवमीच्या आठ दिवस आधी कस्तुरी देऊळ धुवायला गेली होती, तेव्हा आरोग्यकेंद्राची नर्स आडाशी वाकून बघत होती. गाव आता बोअरच्या नळाचं पाणी पीत होतं. आड रामापुरता उरला होता. नर्सनं पोहऱ्यात नाक घातलं.

"अक्का, तळ्यात नव्या लेआउटच्या घरांचं गटार सोडलंय, बघितलंत? आडाचा पाझर तळ्याचाच. हे पाणी उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका."

कस्तुरीनं घरी सासऱ्यांना सांगितलं. मुकुंदराव चौऱ्याहत्तरीचे, सोवळं सैल होऊ न देणारे, पण आवाज कधी न चढवणारे.

"नर्स गावात येऊन किती दिवस झाले?"

"दोन वर्षं, अण्णा."

"आणि आडाला?" ते हसले. "कस्तुरी, त्या पाण्यानं आपण आहोत गं. त्याला काय आता परीक्षेला बसवायचं?"

रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

म्हणून तिनं ठरवलं, विचारायचंच नाही. नवमीला सगळ्यांच्या आधी गावात पोचायचं, पाणी उकळायचं, निववायचं, गूळ घालायचा. कुणाला कळणार?

कळलं तुंगाबाईला. तुंगाबाई नागोजीची बायको. देवळाची झाडलोट, दिवाबत्ती तिची. गुळाची ढेप डोक्यावर घेऊन ती अंगणात आली, मागं परकराचा ओचा धरून पाच वर्षांची नात रूपश्री. हंड्याखाली जाळ.

"अगंबाई! कस्तुरक्का, काय चाललंय हे?"

"पाणी जरा तापवते, तुंगाबाई. स्वल्प. कुणाला सांगू नका."

"कुणाला सांगू नको? आणि त्याला?" तिनं गाभाऱ्याकडं बोट केलं. "तापलेलं पाणी त्याला चालत नाही. राम उपाशी राहील आज. वर्षाचा दिवस, आणि तुझ्या हातून?"

"पाणी खराब आहे."

"खराब! माझ्या सासूचं बाळंतपण या पाण्यावर झालं. माझा नवरा बघ, बैल आहे बैल. तो काय तुझ्या नर्सच्या औषधावर वाढला?"

रूपश्री हसली. तिला आज्जीनं आजोबांना बैल म्हटलेलं फार आवडायचं.

वीस वर्षं ती या घरात सून होती आणि वीस वर्षं या अंगणात तिला सगळे लेकीसारखं बोलले होते. तिनं गाभाऱ्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. लांबून मुकुंदरावांना घेऊन दुकानाची व्हॅन येताना दिसली. ती वाकली, आणि एकेक लाकूड ओढून मातीत खुपसलं. धूर डोळ्यांत गेला. पाणी अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं.

तुंगाबाईनं गूळ फोडायला घेतला, आणि तिच्या गळ्यातून दरवर्षीची ओवी आपसूक निघाली:

आडाचं गं पाणी, रामाच्या अंगणी,
गूळ विरे झणी, गोड झालं.
थोरला धाकला, एका हंड्या आला,
कुणी ना उरला, तान्हेला गं.

"आज्जी, राम किती पितो?" रूपश्रीनं विचारलं. "एक लोटा का दोन?"

"राम पीत नाही. बघतो नुसता."

"मग त्याचा लोटा मला."

तो तिचाच होता. रामापुढचा पहिला लोटा गावातल्या सगळ्यांत धाकट्या पोरीला देतात, जिला दोन्ही हातांनी तो पेलता येईल अशीला. मुकुंदरावांनी मंत्र म्हटला, लोटा उचलला, तिच्या हातात दिला. ती थांबत थांबत सगळा प्यायली, आणि ओठावरचा गूळ जिभेनं चाटून कानडीत पसंती दिली, "सरी."

सगळे हसले. मुकुंदरावही हसले. मग रांग लागली, आणि मागं बाटल्यांची रांग.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला जयनगरच्या घरी फोन वाजला. गावातल्या एसटीडी बूथवरून नागोजी बोलत होता.

"अक्का, गावात ढाळ लागलेत. वांत्या. घरटी एक माणूस पडलंय. काल म्हातारे संताजी गेले."

कस्तुरी काही विचारणार तोच तो पुढं म्हणाला,

"पानक आहे का अजून घरी? अण्णांनी नेलं होतं ना थोडं? आमच्याकडचं संपत आलंय. सगळ्यांना चमचा चमचा देतोय, त्याच्यावरच तग धरून आहेत बघा."

"नागोजी, ते देऊ नका! ऐकताय का? ते पानकच आहे..."

"काय? आवाज येत नाही. पाठवा, अक्का. रूपश्रीला बरं नाही."

फोन तुटला. मुकुंदराव पूजेला बसले होते. पूजेतून त्यांना कुणी उठवत नसे. नवरा, विनोदकुमार, दुकानात. तिनं वाणसामानातून मीठ-साखर घेतली, उकळलेल्या पाण्याचे दोन कॅन घेतले आणि ऑटो केला.

गावात शिरल्यावर पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हातात बाटली. कस्तुरी धावली. "ते नका पाजू. त्यानंच होतंय." बाईनं तिच्याकडं असं बघितलं, जसं उन्हानं डोकं फिरलेल्या माणसाकडं बघतात. "अक्का, तुमच्याच घरचं आहे," ती म्हणाली, आणि चमचा ओतला.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी दार लोटून घेतलं.

रूपश्री तरटावर निजली होती. डोळे खोल गेलेले, गाल आत ओढलेले. पाच वर्षांची पोर म्हातारी दिसत होती. तुंगाबाई उशाशी. बाटलीत तळाशी तपकिरी चार बोटं पानक.

"तुंगाबाई, ते खाली ठेवा. हे घ्या. मीठ-साखरेचं पाणी आहे, उकळलेलं."

"ठेव तिकडं."

"पानकानं झालंय हे सगळं. आडात गटाराचं पाणी आलंय. मी त्या दिवशी सांगत होते."

तुंगाबाईनं मान वर केली. दोन रात्री झोप नव्हती त्या डोळ्यांना.

"शंभर वर्षं तुम्ही आम्हाला सांगितलंत, औषध आहे म्हणून. आता विष झालं? तू कोण सांगणारी, कस्तुरक्का? तू देणारी नाहीस, देणाऱ्याची सून आहेस. अण्णांनी दिलंय. अण्णांनी सांगावं."

कस्तुरी बूथवर आली. फोन मुकुंदरावांनीच उचलला. तिनं सगळं सांगितलं: संताजी, बाटल्या, चमचे, रूपश्री.

"तुम्ही आल्याशिवाय कुणी ऐकणार नाही, अण्णा. तुम्हालाच सांगावं लागेल."



"मी असं बोललो," ते म्हणाले, "तर माझ्या आज्यानं दिलेला प्रत्येक लोटा खोटा होईल."

"आणि नाही बोललात तर रूपश्री जाईल."

फोन ठेवल्याचा आवाज आला. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत.

ती परत गेली तर तुंगाबाईचं दार बंद. ती पायरीवर बसली. आतून ओकारीचा आवाज यायचा, मग चमचा बाटलीला लागल्याचा. प्रत्येक वेळी ती दार ठोठावायची. प्रत्येक वेळी आतून नागोजी म्हणायचा, "अक्का, घरी जा." त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती.

ऊन कलतं झालं तेव्हा व्हॅन आली. विनोदकुमारनं वडिलांना हात धरून उतरवलं. मुकुंदराव पूजेच्या सोवळ्यातच होते, अंगावर उपरणं, पायात काही नाही. त्यांना बघून दार उघडलं.

तुंगाबाई त्यांच्या पायांवर पडली. "आलात! अण्णा, माझ्या हातचं ती ठेवत नाही. तुमच्या हातानं एक चमचा द्या. तुमच्या हातचं ठेवील."

तिनं बाटली पुढं केली. दारात गाव जमलेलं. मुकुंदरावांनी बाटली घेतली. त्यांनी ती उजेडात धरली, नाकाशी नेली. शहाण्णव वर्षांत त्या घराण्यातल्या कुणी पानकाचा वास घेऊन बघितला नव्हता. वास घेतला की नैवेद्य उष्टा होतो.

"तुंगा," ते म्हणाले, "ही घाण आहे."

दारातली माणसं एक पाऊल मागं सरली.

"माझ्या हातानं मी तुम्हाला घाण पाजली. सून सांगत होती. मी ऐकलं नाही." मग दाराकडं वळून, आयुष्यात कधी चढवला नव्हता असा आवाज चढवून: "फेका ते! कुणी एक थेंब घेऊ नका!"

विनोदकुमारनं रूपश्रीला उचललं. तुंगाबाई, नागोजी, कस्तुरी व्हॅनमध्ये बसले. एअरपोर्टच्या रस्त्यावर, विमान उतरताना बघायला माणसं थांबतात त्या कुंपणापाशी, पोरगी गेली. कस्तुरी तिच्या ओठाला मीठ-साखरेचं पाणी लावत होती. ते ओठाच्या कडेनं खाली आलं, तेव्हा कळलं. विमान डोक्यावरून घरघरत गेलं. विनोदकुमारनं गाडी वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन खड्डे खणले.

एक तळ्याच्या वरच्या अंगाला, लहानसा. लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत देतात; तिलाही आग दाखवली नाही.

दुसरा देवळामागं. कारण लोक बाटल्या घेऊन आले होते आणि ओतायच्या कुठं ते कुणाला कळत नव्हतं. तीर्थ आहे, पायदळी जाऊ नये. विष आहे, पण तीर्थ आहे. मुकुंदरावांनी कुदळ मागून घेतली. चार घाव घातले आणि खाली बसले. उरलेलं विनोदकुमारनं खणलं. एकेक जण यायचा, बाटली उपडी करायचा, सवयीनं हात जोडायचा, आणि जोडलेले हात बघून स्वतःच ओशाळायचा. मुकुंदराव प्रत्येकाकडं बघत होते. त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं.

शेवटी तुंगाबाई आली. बाटली पदरात.

"ही मी ओतणार नाही," ती म्हणाली. "हिला तिचं तोंड लागलंय."

कुणी आग्रह केला नाही. ती अंगणात कस्तुरीसमोर येऊन उभी राहिली. हंडा तिथंच होता, नवमीपासून उपडा. खाली अर्धवट जळलेली लाकडं मातीत खुपसलेली.

"तुंगाबाई," कस्तुरी म्हणाली, "चूल मी पेटवली होती. आणि मीच विझवली. तुम्ही ओरडलात म्हणून नाही, व्हॅन दिसली म्हणून. मी भ्याले."

तुंगाबाई लाकडांकडं बघत राहिली. तिचे ओठ हलले, कस्तुरीला वाटलं ओवी येते आहे. आली नाही. गळ्यात जिथून ती यायची ती जागा नुसती हलली.

"मी म्हटलं, राम उपाशी राहील," ती म्हणाली. "मीच म्हटलं." मग पदरातली बाटली सावरत, "राहिला असता एक दिवस. त्याचं काय जातं."

गावात कुठंतरी एक पोर रडत होतं, पाणी पाणी करत.

तुंगाबाईनं बाटली आडाच्या काठावर ठेवली. खाली बसली. मातीत रुतलेलं एक काळं लाकूड उपसलं, पदरानं पुसलं आणि हंड्याच्या चुलीत घातलं. मग दुसरं.

"आडाचं नको," ती म्हणाली. "नळाचं आण. भरपूर आण, नऊ घरं अजून आजारी आहेत." कस्तुरी हलली नाही तसं तिनं वर बघितलं. "बघतेस काय? काड्यापेटी तुझ्याकडं आहे ना? पेटव."

कस्तुरीनं काडी ओढली. वारा होता, पहिली विझली, दुसरी विझली. तिसरीला तुंगाबाईनं दोन्ही हातांचा आडोसा धरला.