यावलची आई

आमच्या सासूबाईंनी, यशोदाबाईंनी, सत्तावीस वर्षांत स्वतःच्या मुलाला चारचौघांत एकदाही 'माझा मुलगा' म्हटलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "नणंदेचा आहे. माझ्याकडे असतो." आणि हे सांगत असतानाच त्याच्या ताटात, दुसऱ्या कुणाला बघायलाही मिळणार नाही इतकं तूप वाढत असायच्या.

त्याचं असं झालं होतं. ह्यांच्या आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली. हे जन्मले तेव्हा सासऱ्यांची बहीण सुंदरबाई यावलहून आल्या, भावजयीच्या ओटीत सूपभर बाजरी ओतली आणि बाळ विकत घेतलं. "आता हा माझा. तू नुसतं सांभाळ." म्हणजे ज्याची नजर ह्या घरावर पडली होती त्याला वाटावं, इथं न्यायला काही उरलंच नाही. पुढं मुलगा स्वतःचं पहिलं मूल कडेवर घेऊन फुईच्या, म्हणजे आत्याच्या दारात उभा राहील, त्या दिवशी बाजरी परत करायची आणि मुलगा परत घ्यायचा.

पण मूल कडेवर घ्यायला माणूस घरी हवा ना! एकेचाळीस साली हे बैलजोडी आणायला म्हणून धुळ्याला गेले आणि स्वतःलाच जुंपून घेऊन आले. पलटणीत भरती! मला तेव्हा सहावा महिना. मी रडले तर म्हणाले, "बूट मिळतात." जसं काही मी बुटांसाठी अडून बसले होते.

लताचा जन्म झाला, बारसं झालं. बाप नाही तर बाजरी कशी परत करायची, म्हणून सासूबाईंनी नणंदेला बोलावलंच नाही. तेवढ्यावरून फुईंनी अबोला धरला. यावल काही शेजारचा वाडा नव्हे. अबोला चार वर्षं सुखानं नांदला. ह्यांचं शेवटचं पत्र बेचाळीसच्या संक्रांतीला आलं. मग सिंगापूर पडलं, असं चावडीवर ऐकलं. त्यानंतर काही नाही. लढाई संपली तरी काही नाही.

सेहेचाळीसच्या चैत्रात सासरे, आमचे नाना, भडगावच्या बाजारातून एक घागर घेऊन आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी नवी मातीची घागर भरतात. आमच्या घरी दोन भरत असत. ही तिसरी होती. त्यांनी ती कोपऱ्यात पालथी घातली आणि गोठ्यात गेले. मी झाडताना तो कोपरा सोडून झाडू लागले. ती घागर भरली की माझ्या कपाळावर काय राहील, हे मला कुणी सांगायला नको होतं.

लता विचारी, "आई, ही कोनी शे?"

"कुणाची नाही. गप बस."

भडगावला तोताराम आबा होते, मागच्या लढाईतले हवालदार. बाजारच्या दिवशी निंबाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसत आणि हरवलेल्या शिपायांचा तपास करून देत. कुठल्या कचेरीला लिहायचं, कोणता नंबर टाकायचा, सगळं त्यांना पाठ. फक्त त्याआधी बसऱ्याच्या खजुरांची गोष्ट ऐकून घ्यावी लागे. तीन शिपाई त्यांनी शोधलेही होते. त्यातला एक कराचीत दुसरं लग्न करून बसलेला निघाला. त्याची इथली बायको आबांना म्हणाली म्हणे, "सापडला तसा परत हरवून टाका."

आम्ही गेलो होतो तो घागर यायच्या आधीचा, फाल्गुनाचा शेवटचा बाजार. आबांनी मिशीवरून हात फिरवून मला विचारलं, "शिपायाचं नाव?"

मी पदर सावरत खाली बघितलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

"बाई, नावाशिवाय सरकार शोधत नसतं."

"धनसिंग!" लता खणखणीत म्हणाली.

"वा! तुला कुणी शिकवलं?"

"सगळे म्हणतात. आईलाच येत नाही."

महिन्यानं उत्तर आलं. आखाजीला पाच दिवस होते. आबांनी चष्मा लावला, कागद एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, मग चष्म्यावरून नानांकडे असं काही बघितलं की नाना उगाच टोपी नीट करू लागले.

"नाना," आबा म्हणाले, "एक विचारतो. रागवायचं नाही. तुमची घरं किती?"

"एकच. का हो?"

"इथं लिहिलंय, 'सदर शिपायाची माहिती त्याच्या आईस यापूर्वीच कळवली आहे. आईचं नाव सुंदरबाई, तालुका यावल.' मग ह्या कोण?" आबांनी सासूबाईंकडे बोट केलं.

"अहो, सुंदरी माझी सख्खी बहीण!"

"अरे देवा," आबा म्हणाले. निंबाखालची आणखी दोन माणसं जवळ सरकली.

माझ्या ध्यानात आलं. भरतीच्या वेळी कारकुनानं विचारलं असेल, आईचं नाव काय? आणि ह्या शहाण्यानं लहानपणापासून पढवलेलं पोपटासारखं सांगितलं असेल. वीतभर छाती पुढं काढून!

एवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, डोळे लाल. "मना पोऱ्या शे तो!" त्या अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "मी जनम दिन्हा त्याले! मना पोऱ्या शे!"

आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. सत्तावीस वर्षं जपलेला शब्द बाहेर पडला होता, बाजरी परत दिलेली नसताना. ह्या जन्मात मी त्यांना कशालाच घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं.

आबांनी कागदाची घडी घातली आणि खजुरांचं नाव न काढता म्हणाले, "काय कळवलंय ते इथं लिहिलेलं नाही. यावललाच जावं लागेल."

दुसऱ्या दिवशी कजगावला गाडी धरली. नाना, सासूबाई, मी, लता आणि एक गाठोडं. गाठोड्यात सूपभर बाजरी. भुसावळपर्यंत सासूबाई एकच वाक्य बोलल्या: "मी बोलले नसते तर बरं झालं असतं." पुढं मोटारीत लता त्यांच्या मांडीवर झोपली, आणि त्या गाठोड्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

फुईंचं घर केळीच्या बागेला लागून. आम्हाला बघून त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"या. चार वर्षांनी वाट सापडली?"

"सापडली," सासूबाई म्हणाल्या.

"बारशाचं आवतन घेऊन उन्यात का?"

एरवी इथंच जुंपली असती. पण सासूबाईंनी ओसरीवर बसून गाठोडं सोडलं, फुईंचंच सूप ओढून घेतलं आणि त्यात बाजरी ओतली. घाईत अर्धी जमिनीवर गेली.

"ही घे. आधी घे. मग जे काय कागदात असेल ते सांग. कसंही असो, मला तो माझा म्हणून ऐकू दे."

मी लताला घट्ट धरलं. नाना दाराशी पाठमोरे उभे होते.

फुईंनी सुपाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले. "हाई असं कसं? रीत शे का काही? त्याला स्वतः येऊ दे, पोरीला कडेवर घेऊन. पुण्याच्या इस्पितळातून सुटला की येणारच आहे. इतकी कसली घाई तुला?"

नाना गर्रकन वळले. बागेत कुठंतरी मोटेचा आवाज येत होता.

"काय व्हयनं?" फुई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हले कागद नही उना? एकही?"

सासूबाईंनी मान हलवली. फुई धपकन खाली बसल्या. "माय वं. मला वाटे, मला एक लिहितो तर तुला दहा लिहीत असेल. मी आपली दिमाखात होते."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की लता घाबरली. मी मात्र रडले नाही. मी म्हटलं, "फुई, कागद कुठं आहेत?"

ते डाळीच्या मडक्यात होते. पहिला सरकारी. बाकीचे तीन इस्पितळातल्या कुण्या कारकुनानं ह्यांच्यासाठी लिहिलेले, आणि वर 'आईस' घालून पत्ता दप्तरात बघून यावलचा टाकलेला. पाय सुजले होते, आता काठीनं चालतो. भाकरी मिळत नाही, पाव मिळतो. तिसऱ्यात शेवटी लिहिलं होतं: 'फुई, मुलगी झाल्याचं तू कळवलंस, नाव कळवलं नाहीस. आणि माय रागावली आहे का? घरून एक ओळ नाही.'

तिथं मग मीही रडले.

उत्तर मीच लिहिलं. मुलीचं नाव लता, हे पहिल्याच ओळीत. दुसऱ्या ओळीत, ह्यापुढं कुणी आईचं नाव विचारलं तर नीट विचार करून सांगावं.

बाजरी फुईंनी घेतली नाही. सूप तसंच झाकून ठेवलं, त्यावर पाटा ठेवला आणि म्हणाल्या, "कोंबड्यांनी खाल्ली तर माझी जबाबदारी नाही."

आखाजीला आम्ही दोनच घागरी भरल्या. तिसरी सुलटी करून नानांनी ओसरीच्या सावलीत, प्यायच्या पाण्याला मांडली.

हे ज्येष्ठात आले. निम्मे उरलेले, पण बूट जसेच्या तसे! काठी भिंतीला लावली, लताकडे बघितलं. लता माझ्यामागे लपली. मग त्यांनी ओसरीवरच्या घागरीतून गडूभर पाणी घेतलं, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मातीची चव येते. घागर नवी आहे का?"

"तुमच्यासाठीच आणली होती," मी म्हटलं.

सासूबाई चुलीपाशी होत्या. भाकरी थापता थापता, नेहमीच्या आवाजात, त्यांनी शेजारच्या भिकुबाईला हाक मारली, "भिकुबाई वं, थोडं दही दे. मना पोऱ्या उना."

मग जीभ चावली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उद्या पहिल्या गाडीनं यावल. पोरीला कडेवर घ्यायला शिकव त्याला."