वैजयंतीताईचं जर्नल

जुन्नरच्या त्या डिप्लोमा कॉलेजात ट्रान्झिस्टरचं प्रॅक्टिकल मीटर लावून कुणी करत नसे. सगळे वैजयंतीताईच्या जर्नलवरून उतरवून काढत. ताई कधीच पास होऊन सासरी नांदायला गेल्या होत्या, पण त्यांचे आकडे अजून कॉलेजातच मुक्कामाला होते. वरच्या रेझिस्टरवर चार पॉइंट एक, ट्रान्झिस्टरवर पाच पॉइंट आठ, खालच्या रेझिस्टरवर दोन पॉइंट एक. बेरीज बारा, सप्लायही बारा व्होल्टचा. नियम पाळला गेला, परीक्षक खूश.

आणे गावच्या तेजस्विनीनेही गेल्या साली तेच उतरवलं होतं. परीक्षकांनी नेमकं तिलाच विचारलं, "पाच पॉइंट आठच का?" तिची बोबडी वळली आणि विषय राहिला. यंदा पुन्हा राहिला तर वर्ष बुडणार होतं. म्हणून वर्षभर एसटीत बसून तिने तो नियम घोकला नाही, समजून घेतला: सप्लायने दिलेला व्होल्ट न् व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्ची पडलाच पाहिजे.

परीक्षेला तिने सर्किटच्या डब्याला चक्क मीटर लावला. वर शून्य, ट्रान्झिस्टरवर बारा, खाली शून्य. पुन्हा लावला, तरी तेच. पण बेरीज बाराच होती, तेव्हा तिने तेच लिहिलं.

"सगळ्यांचं पाच पॉइंट आठ, तुझंच बारा कसं?" परीक्षकांनी भुवया चढवल्या.

"सर, दोन्ही रेझिस्टरवर शून्य, म्हंजी करंटच वाहत न्हाई. ट्रान्झिस्टर एकतर मेलाय, न्हाईतर डब्यात न्हाईच."

लॅबचे सोपान सर एकदम खोकायला लागले. डबा उघडला तर ट्रान्झिस्टरची जागा रिकामी.

"गॅदरिंगला माईकचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला व्हता," सोपान सर पुटपुटले, "तवा मीच काढून त्यात घातला. परत लावायचं ऱ्हाऊन गेलं."

ते धावत बाहेर गेले, ट्रान्झिस्टर घेऊन आले आणि डब्यात बसवला. आता मीटर म्हणाला, पाच पॉइंट आठ.

"बघ," परीक्षक समाधानाने म्हणाले, "बाकीच्यांचं बरोबरच होतं की!"

बाकीच्यांना पंचवीसपैकी बावीस. तेजस्विनीला दहा, काठावर पास, शेरा 'रीडिंग चुकले'. तो मीटर कुणाच्या तरी डोक्यात घालावा असं तिला फार वाटलं. पण विषय सुटला होता. पदरात पडलं ते पवित्र, म्हणून तिने दप्तर उचललं.

खाली हॉलमध्ये परीक्षकांना शाल-श्रीफळ द्यायला प्राचार्य माईकसमोर उभे राहिले. माईक मुका. सोपान सर उगाच बटणं पिरगाळत बसले, कुणाकडे बघेनात. मुलं हसायला लागली, प्राचार्य लाल झाले.

शेवटी परीक्षकच म्हणाले, "अहो, त्या आण्याच्या मुलीला बोलवा. मीटर घेऊन यायला सांगा. तिला कळतं त्यातलं."

तेजस्विनी दारातच उभी होती. ती जागची हलली नाही.

"मीटर कशाला सर?" ती म्हणाली. "ह्यातला ट्रान्झिस्टर वर डब्यात बसलाय. तुमीच तर मघाशी पास केला त्याला."