बार्सिलोनाचा वकील

जानेवारी १९९१. आखाती युद्ध पेटलं होतं, रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली होती आणि परदेशी माणसं शहर सोडत होती. नेमक्या त्याच आठवड्यात हा स्पॅनिश वकील इथं आला, हेच हाजराला खटकलं. रत्नागिरीची हाजरा इथल्या इस्पितळात नर्स होती. तिचा भाऊ सुफियान एका स्पॅनिश जहाजावरच्या आगीत गेला होता आणि तिनं जहाज कंपनीवर तक्रार केली होती.

"मी तुमच्याच बाजूनं लढतोय," वकील म्हणाला. "फक्त इथं सही करा."

कागद स्पॅनिशमध्ये होता.

"ठेवून जा. उद्या या," हाजरा म्हणाली.

त्याच्या कार्डावर बार्सिलोनाच्या वकील संघटनेचा सभासद क्रमांक होता. इस्पितळाच्या ऑफिसातल्या गुरुनाथ कामतांनी कार्ड आणि कागद तिकडे फॅक्स केले. सकाळी उत्तर आलं. तो क्रमांक मार्ता नावाच्या वकीलबाईंचा होता, आणि कागदात जहाज कंपनीवरची तक्रार मागे घेतल्याचं लिहिलं होतं.

हाजरानं तो फॅक्स त्याच्यापुढं धरला.

"काहीतरी घोटाळा झालाय," म्हणत त्यानं बॅग उचलली आणि तो निघून गेला.

युद्ध संपल्यावर मार्ताबाईंनी स्वतःच सुफियानची केस घेतली. त्यांचं वकीलपत्र आलं, तेव्हा हाजरानं आधी त्याचं भाषांतर करून घेतलं, मगच सही केली.