काळी चार

विनताचा आवाज परत आला, हे खोटं मी चार महिने गिटारवर वाजवत होतो.

गळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, वरचे सूर आता विसरा. बायकोला हे सांगायची माझी छाती झाली नाही. ती लग्नाआधीपासून काळी चारला गायची, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. जबलपूरच्या आमच्या मंडळात गणपतीची पहिली संध्याकाळ तिच्या भावगीताची, हे ठरलेलंच. मग मी गुपचूप गाण्याची पट्टी उतरवली. कॉर्डच्या वहीत जी शार्प मायनर होतं तिथे एफ शार्प मायनर वाजवलं, ईच्या जागी डी. वही तशीच, बोटं तेवढी दोन घरं खाली. पेटीचा भाता फाटला असं सांगून ती माळ्यावर टाकली.

पहिल्यांदा अंतरा सहज लागला तेव्हा ती रडलीच. "अहो, आला की हो परत!"

"येणारच होता," मी म्हणालो. तिने गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीभर पेढे वाटले. मीही निर्लज्जासारखा एक खाल्ला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सगळा बंदोबस्त केला आणि अंबादास तबलजीला सांगायचंच विसरलो. तो रिछाईच्या कारखान्यातून सुटून थेट स्टेजवर यायचा, आणि तबला सकाळीच काळी चारला लावून आणायचा. वीस वर्षांची सवय ती.

गणपतीच्या संध्याकाळी स्टेजवर मी पहिला कॉर्ड छेडला, त्याने थाप मारली. दोन्ही एकमेकांशी भांडले.

"अच्युतभैया, गिटार उतरून राहिली ना तुमची! पूरे दो सुर." माइक चालू होता.

"तबला उतरव," मी पुटपुटलो.

"काहून? वहिनी तर काळी चारलाच गातात."

तरी त्याने हातोडी घेतली आणि ठोकायला लागला. सूर खाली खाली येत गेला. विनता ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"राहू द्या अंबादासजी, परत चढवा," ती म्हणाली. मग मला, "वहीत लिहिलंय तेच वाजवा."

वाजवलं. काय करणार होतो? अंतऱ्याला तिचा आवाज फाटला. तिने तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या.

परतताना रिक्षात मीच बोललो. "तुला वाईट वाटू नये म्हणून गं..."

"मला सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर खालच्या पट्टीत गायले असते हो मी. मरेपर्यंत गायले असते."

याला सहा वर्षं झाली. घरी आरतीला ती नुसत्या टाळ्या वाजवते. म्हणतो मी एकटाच.