द्वारकाची मूठ

पौषातल्या कोवळ्या उन्हात द्वारका तुरीचे सोले काढायला बसली की तिच्या अंगठ्याच्या नखाखाली हिरवी रेघ उमटायची आणि दोन-दोन दिवस धुतली जायची नाही. शेंग फुटल्याचा बारीक टचकन आवाज, पदरात पडणाऱ्या दाण्यांची टपटप आणि या दोहोंवर पसरलेला तिचा उंच, जरासा करकरीत स्वर. माझ्या हिवाळ्यांना त्या स्वराची कड होती. तिच्या बोलण्यात जोंधळ्याच्या पानाची धार असे. अंगाला घासून जाई तेव्हा कळत नसे, मागाहून चुरचुरत राही. बाजाराहून मी तापून आलो, कुणाशी भांडण झाल्याचं सांगू लागलो, की ती मान वर न करता म्हणायची, "बैलाचे दात रोज पायता, बायकोचं तोंड कदी पायलं का?"

मी बैलांचा दलाल. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. जे उभं केलं ते जिभेच्या आणि बोटांच्या जोरावर. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या पळसाखाली बसून मी तिला माझं सगळं आयुष्य आखून दाखवलं होतं : चाळिशीत शेलूबाजारला रस्त्यावर स्वतःची जागा, पन्नाशीत बाजार बंद, आणि मग दोघांनी ओसरीवर बसून पोटभर बोलायचं. तेव्हा ती खळखळून हसली होती. "पन्नाशीतलं आज कायले आखून राह्यले? सांजच्याले पानी येते का थे सांगा आंदी."

ती जागा झाली नाही. तिच्या बापानं इंझोरीला तिच्या नावावर ठेवलेला शेताचा तुकडा विकला असता तर झाली असती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "बाबाचं वावर मी नाई इकत. बोलनं खतम." बोलणं खरंच खतम झालं. आज त्या जागेवर दुकानांची रांग आहे. वीस वर्षं जीपमधून तिथून जाताना मी तोंड फिरवत आलो. तोवर गावोगाव ट्रॅक्टर आले, गोठे ओस पडले, माझा धंदा पावसाळी ओढ्यासारखा आटत गेला, आणि दर आटत्या वर्षाचा दोष मी मनातल्या मनात तिच्या पदरी टाकला. तिनं एकदा, फक्त एकदा, 'चुकलं माझं' म्हणावं एवढंच मला हवं होतं. तोवरचं सगळं बोलणं मी पन्नाशीवर ढकलून ठेवलं होतं.

यंदा माघ सरताना, चुलीपुढे बसल्या बसल्या, तिच्या हातातली भाकर तव्याबाहेर पडली. तोंड एका अंगाला ओढलं गेलं आणि शब्द गेले.

वाशिमच्या डॉक्टरांशी मी घासाघीस केली. दुसरं मला येतं काय?
"वाचा परत येईन का?"
"येईल, थोडी येईल, कदाचित नाही येणार. असा झटका पुन्हा येणारच नाही, असंही सांगता येत नाही."
"तरी अंदाज? शंभरातून किती?"
"काका, हा बाजार नाही."
मी खुर्ची लोटून उठलो, नको ते बोललो. बाहेर येऊन पायरीवर बसलो. माझा राग आजवर मला लोखंडाचा वाटायचा. त्या दिवशी कळलं की तो विरलेलं फडकं आहे, आणि त्याखाली मी भीती झाकत आलो आहे.

आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटांनी बोलायचं. किती बोटं धरली तो आकडा, अख्खा पंजा दाबला की होकार. आयुष्यभर मी आंधळ्यासारखा बोटं वाचत आलो आणि कधी फसलो नाही.

चैत्रातली दुपार होती. कडुनिंबाच्या मोहराचा कडवट-गोड वास खिडकीतून येत होता. तिच्या अंगावर पातळ गोधडी, गोधडीखाली माझा हात. अचानक तिनं माझी बोटं धरली. वीस वर्षांचा प्रश्न तोंडातून निसटला, "द्वारका, वावर इकायले पायजे होतं ना?"

तिनं अख्खा पंजा दाबला.

"आयकलं का, कमल?" मी ओरडलो. "हो म्हनते थे! कबूल केलं शेवटी!"

कमल तिची धाकटी बहीण, सेवेला येऊन राहिलेली. तिनं चहाचा कप खाली ठेवला. "भाऊजी, सकाळी मी इचारलं, पोहे खातं का? असंच दाबलं. मंग इचारलं, नाई खात? तरीबी असंच दाबलं. डॉक्टर म्हने, कदी मनातून दाबते, कदी मूठ आपोआप आवयते. कोनालेच समजत नाई." मग जरा थांबून, "आन् आता तिले वावराचं इचारून राह्यले? लाज नाई वाटत?"

तो होकार असेल, नकार असेल, किंवा त्या मुठीत कुणीच नसेल. या तिसऱ्याचीच मला भीती वाटते. मरणाला एक तरी कड असते. इथं द्वारका वीतभर अंतरावर आहे, श्वास चालू आहे, डोळे आढ्याकडे लागले आहेत, आणि ती घरात आहे की केव्हाच निघून गेली, हे मला ओळखता येत नाही. रुमालाखालच्या बोटांना अर्थ येतो तो आधी झालेल्या चार शब्दांमुळे. ते चार शब्द आम्ही बोललोच नव्हतो. मी बावन्न वर्षांचा आहे.

आता मी तिला काही विचारत नाही. रोज दुपारी शेजारी बसतो. काल ऊन ओसरीवरून उतरत असताना, जे आजवर कुणासमोर कबूल केलं नव्हतं ते म्हणालो, "द्वारका, मले भेव लागते." मूठ आवळली गेली. मी तिचा अर्थ लावला नाही. आठवण गेलेल्यांचीच येते असं लोक समजतात. मी तिचा हात धरून बसतो आणि मला तिचीच आठवण येत राहते, आणि त्या हातात ती आहे की नाही हे ठाऊक नसताना मी अंधार पडेतो तो सोडत नाही.