प्रार्थनेचा विषय

रविवारी दुपारी उपासना सुटली की एका मोठ्या चर्चची तीसेक माणसं पोटात कावळे घेऊन थेट हॉटेलात येत, आणि हॉटेलातल्या प्रत्येक वेटरला अचानक दुसरीकडचं काम आठवे. ते टेबल कुणालाच नको असे. खाणं भरपूर, फर्माइशी त्याहून भरपूर, आणि उठताना टिपेच्या जागी एक रंगीत पत्रिका. पत्रिकेवर तारणाचं वचन छापलेलं असे. तारण मोठंच, पण घरमालक ते भाड्यात धरत नाही.

टेबल पडे ते वेटरांमधल्या ताईच्या गळ्यात, आणि त्याला कारण होतं. ही मंडळी जेवणाआधी उभी राहून प्रार्थना करी आणि ती कधी संपेल याचा नेम नसे. त्यांचे धर्मगुरू, पाळकसाहेब, एकदा सुरू झाले की आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले, सगळ्यांना देवापुढे हजर करत. नवखा वेटर मध्येच ताटं मांडून बोलणी खाई, नाहीतर वाट बघत सूप थंड करून ठेवी. ताई मात्र गरम सूप घेऊन बरोबर आमेनला टेबलाशी पोचे. मालकाला वाटे, काय अंदाज आहे बाईचा! अंदाज कसला, ताई स्वतः ख्रिस्ती होती. पाळकाचा सूर कुठे उतरणीला लागतो, हे तिचे कान लहानपणापासून ओळखत होते.

हे तिने टेबलावर कधी सांगितलं नव्हतं. सांगायची सोयच नव्हती. टेबलाच्या टोकाला बसणारे एक काका तिला दर रविवारी ऐकवत, की प्रभूच्या दिवशी राबणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवणं म्हणजे त्या दिवशी काम करू नका ही बायबलातली चौथी आज्ञा मोडायला खतपाणी घालणं. वेटरांनी त्यांचं नावच ‘चौथी आज्ञा’ पाडलं होतं. कुणीतरी राबतं म्हणून आपल्याला आयतं ताट मिळतं, हे काकांच्या गावीही नव्हतं, आणि ताईचं डोकं त्यानेच सर्वांत जास्त फिरे.

त्या रविवारी मात्र तिला सकाळपासून वेगळीच काळजी होती. पुढच्या रविवारी तिच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. तान्ह्या बाळाचा नव्हे. पोरगी पंधरा वर्षांची, स्वतः ठरवून वस्तीतल्या लहानशा चर्चमध्ये पाण्यात उतरणार होती. वर आल्यावर अंगाभोवती टॉवेल गुंडाळायला आई हवी, एवढं एकच तिने मागितलं होतं. बाप कधीच घर सोडून गेलेला, त्यामुळे दुसरं कुणी नव्हतंही. ताईने सुट्टी मागितली होती. मालक तसा वाईट माणूस नव्हता, पण रविवारच्या गल्ल्यापुढे त्याला सख्खा भाऊ दिसत नसे. ते तीस जण आले नाहीत तर खुशाल जा, त्याने रोखठोक सांगितलं होतं. ते आले आणि तू नसलीस, तर सोमवारपासूनही येऊ नकोस.

म्हणजे घोडं पेंड खात होतं ते या टेबलापाशीच. आणि गिऱ्हाइकापुढे घरचं रडगाणं गाणाऱ्याची त्याच दिवशी गच्छंती, हाही मालकाचाच नियम.

पाळकसाहेबांची एक पद्धत होती. प्रार्थनेला उभं राहण्याआधी ते वाढणाऱ्याला विचारत, "प्रार्थनेचा काही विषय आहे का?" ताई दर वेळी म्हणे, सगळं ठीक आहे. आजही त्यांनी विचारलं. गल्ल्यावरून मालक बघत होता. ताईने पाण्याचा जग खाली ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "येत्या रविवारी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. तुम्ही इथे जेवायला आलात, तर मला जाता येणार नाही."

चौथी आज्ञांनी मान वळवून तिच्या तोंडाकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"म्हणजे तुम्ही आपल्यातल्या?" काकांनी विचारलं.

आणि मग सगळ्यांना एकदम प्रेमाचं भरतं आलं. कुणी तिचा हात धरला, कुणी भगिनी म्हणालं, कुणी इतके दिवस सांगितलं नाही म्हणून लटकं रागावलं. ताईला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. शेजारच्या टेबलावर राबणारा दुसरा वेटर यांच्यातला नव्हता. त्याने काय घोडं मारलं होतं?

पाळकसाहेब उभे राहिले. माणूस मनापासून प्रार्थना करणारा होता, त्यात खोट नव्हती. त्यांनी मुलीसाठी मागितलं, आईसाठी मागितलं, तिच्या कष्टांसाठी मागितलं. ताईने डोळे उघडेच ठेवले होते. आता म्हणतील, तिला वाटत होतं, आता म्हणतील की पुढच्या रविवारी आम्ही आपापल्या घरी जेवू.

"प्रभू, या हॉटेलच्या मालकाचं मन कठीण झालं आहे. ते तू वळव. या भगिनीला मोकळं करण्याची बुद्धी त्याला दे. आमेन."

तीस जणांनी आमेन म्हटलं. खुर्च्या सरकल्या आणि चौथी आज्ञांनी सूप कुठे आहे म्हणून विचारलं.

ताईला हसावं की रडावं कळेना. यांच्या एका शब्दाने झालं असतं, त्यासाठी यांनी देवाला साकडं घातलं होतं. आणि ते स्वच्छ ऐकलं होतं मालकाने, ज्याला भरल्या हॉटेलात दगड ठरवण्यात आलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. ताईने सूप वाढलं, भाजलेली कोंबडी वाढली, कुणाचा चमचा बदलून दिला, आणि सगळा वेळ जेवणं संपली की आपला निकाल लागणार एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बिल द्यायला पाळकसाहेब स्वतः गल्ल्यावर आले. ताई उष्ट्या ताटांचा ढीग घेऊन तिथेच उभी होती.

"पुढच्या रविवारी चाळीस धरा," ते प्रसन्नपणे म्हणाले. "पाहुणे आहेत. आणि वाढायला आमची हीच भगिनी द्या."

बाप्तिस्मा ते विसरले नव्हते. विषय देवाच्या हाती सोपवला होता, त्यामुळे त्यांच्यापुरता तो मिटला होता.

मालकाने मान वर केली. "साहेब, मघाशी तुम्ही देवाला माझं मन वळवायला सांगितलंत."

"हो. अगदी मनापासून."

"वळलं. पुढच्या रविवारी तुम्हाला टेबल नाही."

आपणच मागितलेल्याला पाळकसाहेबांना आता नको म्हणता येईना. मागून चौथी आज्ञा कुरकुरू लागले, की मग चाळीस माणसांनी जेवायचं कुठे. तेही प्रार्थनेत धरा, मालकाने सुचवलं.

मंडळी गेली. दार बंद झाल्यावर मालक ताईकडे वळला, आणि त्याचा आवाज अजून रागाने कापत होता.

"माझं मनबिन काही वळलेलं नाही. चारचौघांत नाक कापलं माझं, म्हणून बोललो. पण आता शब्द तोंडातून गेला. जा रविवारी."

ताई टेबल आवरायला गेली. आभार कुणाचे मानायचे ते तिला ठरवता येईना. वाट्या एकात एक घालता घालता ती रडायला लागली, आणि बघायला गिऱ्हाईक कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिने ते थांबवलं नाही.