मी ब्लडी, मुक्काम गोडदेव

मी एक जुनी शिवी आहे, मित्रांनो. कान झाकू नका. तुम्ही जिन्यात, क्रिकेट खेळताना आणि मोबाइलवर जे बोलता ते मी रोज ऐकते. त्याच्यापुढे मी अगदीच गरीब बाई आहे. माझं नाव ब्लडी. सध्या मुक्काम गोडदेव, भाईंदर पूर्व, बिल्डिंगचा दुसरा मजला, तुळसाबाईंच्या तोंडी.

माझ्या जातकुळीच्या बायका आत्मवृत्त सांगायला लागल्या की आधी माफी मागतात. मी मागणार नाही. का मागणार नाही, तेच सांगायला आले आहे.

माझा जन्म इंग्लंडचा. नेमका कसा झाला ते मलाच ठाऊक नाही. कुणी सांगतात, मी रक्ताची लेक. कुणी म्हणतात, दारू पिऊन दंगा करणारे श्रीमंतांचे उनाड तरुण स्वतःला 'ब्लड' म्हणवून घेत, त्यांच्यावरून माझं नाव पडलं. येशूच्या आईची शपथ झिजून मी तयार झाले, असंही एक घराणं मला चिकटवतात, पण ते विद्वानांना पटत नाही. म्हातारीच्या जन्माच्या गोष्टी अशाच असतात. सांगणारे पुष्कळ, पाहिलेला एकही नाही.

माझ्याही आधीच्या इंग्लंडमध्ये शिवी म्हणजे देवाची खोटी शपथ. देवाच्या जखमांची शपथ, देवाच्या हाडांची शपथ. तसं कुणी बोललं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. आणि आज जे शब्द ऐकून तुमच्या बाई तुम्हाला वर्गाबाहेर काढतील, शरीराच्या झाकल्या भागांचे, ते तेव्हा वैद्य आपल्या पोथ्यांत बिनदिक्कत लिहीत होते. पुढे माणसांना देवापेक्षा शरीराची लाज जास्त वाटू लागली. देवाच्या शपथा मऊ पडल्या आणि शरीराचे शब्द दाराआड गेले. माझी थोरली बहीण डॅम. 'तू नरकात जा' असा तिचा शाप होता. इंग्रज सैनिक तिला इतके वापरत की फ्रान्समधल्या लोकांनी त्या सैनिकांचंच नाव 'गॉडॅम' पाडलं. आज तीच डॅम जिभेला चव आणणाऱ्या पावभाजीला 'डॅम गुड' म्हणताना वापरतात.

माझंही तसंच झालं. लहानपणी मी फक्त जोर द्यायची. आपल्याकडे 'लई' म्हणतात ना, तशी. मग कुणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी एकाएकी वाईट ठरले. वर्तमानपत्रं माझं पहिलं आणि शेवटचं अक्षर छापून मध्ये रेघ ओढू लागली. लंडनच्या एका नाटकात शंभरेक वर्षांपूर्वी एका नटीने मला उच्चारलं, तर अख्खं प्रेक्षागृह कितीतरी वेळ हसत राहिलं. तिकडे ऑस्ट्रेलियात मात्र लोकांनी मला घरातलीच मानलं. म्हणजे पाहा, मी तीच. माझ्यात एका अक्षराचा फरक नाही. बदलतात ते ऐकणाऱ्यांचे कान.

इंग्रजांच्या बुटांबरोबर मी या देशात आले. इथे माझं काम चांगलं नव्हतं. साहेब मला हमालावर, कारकुनावर, शिपायावर फेकायचा. ते दिवस मी लपवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात कोकणातला ज्ञानदेव नावाचा तरुण पलटणीत भरती झाला. गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, जातीने मारत. पलटणीतल्या गोऱ्या सार्जंटने पहिल्याच दिवशी त्याच्यावर मला फेकलं. पण ज्ञानदेवने पाहिलं की हा माणूस मला सगळ्यांवर सारखाच फेकतो. ब्राह्मणाच्या पोरावर, पठाणावर, स्वतःच्या गोऱ्या सोबत्यांवरसुद्धा. एकदा ज्ञानदेवची गोळी निशाणाच्या मधोमध लागली. सार्जंट त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ब्लडी गुड!" त्या क्षणी मी शिवीची शाबासकी झाले. ज्ञानदेवने मला उचललं आणि कायमचं जवळ ठेवलं.

सुट्टीवर तो गावी आला, तेव्हा दुकानदाराने नेहमीप्रमाणे त्याच्या जातीचा उच्चार केला आणि तंबाखूची पुडी त्याच्या पायाशी टाकली. ज्ञानदेव बूट घालून ताठ उभा होता. तो म्हणाला, "यू ब्लडी फूल! पिक इट अप!" दुकानदाराला इंग्रजी येत नव्हतं, पण आवाज कळला. त्याने खाली वाकून पुडी उचलली आणि हातात दिली. गावाने हे विसरायचं नाही असं ठरवलं. ज्ञानदेवला बायको आणि तान्ही तुळसा यांना घेऊन मुंबई गाठावी लागली.

मुंबईच्या खोलीत त्याने एक नियम केला. "या घरात आईबहिणीवरून शिवी नाही. कुणाच्या जातीवरून नाही. राग आलाच, तर साहेबाची शिवी द्या." हा नियम त्या घरात आजही आहे. जेवणात मीठ जास्त झालं, नळ गेला, तर तुळसाबाईंच्या तोंडून मीच बाहेर पडते. माझ्यात कुणाची आई नाही, बहीण नाही, कुणाची जात नाही. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता यंदाच्या जानेवारीची गोष्ट.

आमच्या बिल्डिंगची एक पद्धत आहे. सव्वीस जानेवारीला झेंडा बाहेरचा पाहुणा फडकवत नाही. बिल्डिंगमध्ये वयाने सर्वांत मोठं जे माणूस असेल, ते दोरी ओढतं. मागल्या वर्षापर्यंत तो मान तळमजल्यावरच्या एका आजोबांचा होता. ते गेले. यंदा तुळसाबाईंची पाळी होती. पहिल्या प्रजासत्ताक दिनाला बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी झेंडा पाहिला होता. बापाने खालून विचारलं होतं, "दिसतो का गं?" तेव्हापासून ती दोरी आपल्या हातात यावी असं त्यांना वाटायचं. पांढरी साडी इस्त्री करून कपाटात ठेवली होती.

तुळसाबाईंच्या खालोखाल वय पंढरीनाथ यांचं. ते सोसायटीचे चेअरमन. परळहून इथे राहायला आलेले, फोर्टमधल्या एका कंपनीत हेडक्लार्क होते. मी त्यांनाही ओळखत होते, पण ते नंतर सांगते.

एका सकाळी जिना धुणारी चंपा फरशी पुसत होती. पंढरीनाथ दूध घेऊन आले आणि त्यांचा पाय किंचित सटकला. पडले नाहीत, पिशवी तेवढी हिंदकळली. त्यांनी सगळ्यांसमोर चंपाला तिच्या जातीचं नाव घेऊन एक शब्द हासडला. तो शब्द मी इथे सांगणार नाही. आम्ही शिव्या एकमेकींना ओळखतो, आणि त्या शब्दाच्या पंगतीला मी कधी बसले नाही. चंपाने पोछा बादलीत टाकला आणि मान खाली घातली.

जिन्यासमोरच्या बाकड्यावर तुळसाबाई रिक्षाची वाट पाहत बसल्या होत्या. त्या काठी टेकत उठल्या.

"यू ब्लडी फूल!"

मी इतक्या जोरात निघाले की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. विषय होता सोसायटीतली असभ्य भाषा. मला वाटलं, चला, त्या दुसऱ्या शब्दाचं काहीतरी होईल. पण आरोपी मी निघाले.

"आजी, तुम्ही मला शिवी दिलीत," पंढरीनाथ म्हणाले.

"दिली."

"सगळ्यांसमोर!"

"तुम्ही काय कानात बोललात?"

"अहो, ते आपलं बोलायची पद्धत आहे. लहानपणापासून बोलतोय. त्याला शिवी म्हणतात का?"

शेजारच्या हंसाबेनना भांडण नको होतं. "माजी, सॉरी बोलून टाका ने. एक सॉरीमां शुं जाय?"

"काही जात नाही, हंसाबेन. आधी कोणी बोलायचं तेवढं सांगा."

हंसाबेननी चंपा ज्या कोपऱ्यात उभी होती तिकडे पाहिलं. कमिटीने ठरवलं, तुळसाबाईंनी माफी मागितली नाही तर झेंडा पंढरीनाथ फडकवतील. असभ्य बोलणाऱ्याच्या हाती झेंडा कसा द्यायचा!

रात्रीच्या जेवणाला नात संघप्रिया म्हणाली, "आजी, बोल ना सॉरी. एका शब्दासाठी झेंडा सोडणार तू?"

"एका शब्दासाठीच सोडतेय. माझ्या नाही, त्याच्या."

"पण ब्लडी आता शिवीपण नाही राहिली गं. आम्ही कॉलेजात काय काय बोलतो!"

"ऐकते मी. फोनवर ते एफवालं चाललेलं असतं. अर्थ माहितेय त्याचा?"

"आजी!"

"मला माहितेय. टीव्हीवर टूं वाजतं ना, तेव्हा ओठ बघून कळतं."

संघप्रिया हसून लोळली. पण कपाटातली पांढरी साडी बघून तिचं हसू विरलं. मीही तुळसाबाईंच्या जिभेवर बसून विचार करत होते. माझ्यामुळे या बाईचा मान गेला. मी त्या दिवशी घशातच राहिले असते तर? मित्रांनो, मी खूप शोधलं, पण मला पश्चात्ताप सापडला नाही.

सव्वीस जानेवारीला सगळे खाली जमले. तुळसाबाई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या. घरी बसल्या असत्या तर लोकांना सोपं गेलं असतं. चंपा अंगण झाडून झाडू घेऊन गेटपाशी उभी होती. पंढरीनाथांनी कडक टोपी घातली होती आणि शर्टाच्या खिशाशी कॉर्डलेस माईक अडकवला होता.

त्यांनी दोरी ओढली. झेंडा उघडेना. गाठ पंढरीनाथांनी आदल्या संध्याकाळी स्वतः मारली होती, कारण दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी पुन्हा ओढली. फुलांची पुडी वर तशीच घट्ट. कुणीतरी म्हणालं, "झटका द्या, काका." त्यांनी झटका दिला. कपाळावर घाम आला. लहान मुलं खुसखुसली.

आता मघाशी राहिलेलं सांगते. फोर्टच्या कंपनीत पंढरीनाथांचा साहेब त्यांना रोज माझ्या नावाने ओरडायचा. ते माझ्यावर चिडायचे, पण त्या साहेबासारखं आपल्यालाही जमावं असं त्यांना वाटायचं. घरी आरशासमोर उभं राहून टाय सैल करत ते मला हळूच म्हणून बघायचे. मी इतकी वर्षं त्यांच्या घशात दबा धरून होते.

"ही ब्लडी दोरी!"

माईक चालू होता. मी स्पीकरमधून निघून गोडदेव नाक्यापर्यंत ऐकू गेले.

मग हंसाबेन म्हणाल्या, "लो! चेअरमनसाब बी बोल्या!" आणि सगळी बिल्डिंग हसली. संघप्रिया तर खुर्चीला धरून हसत होती. पंढरीनाथ लालबुंद झाले. पण माणूस चतुर. तेही हसले आणि दोरी पुढे करत तुळसाबाईंना म्हणाले, "या आजी, या. तुम्ही बोललात, मीही बोललो. फिट्टमफाट. मिटलं आपलं. झेंडा तुम्हीच फडकवा."

दोरी तुळसाबाईंच्या हाताजवळ आली. बापाच्या खांद्यावरून पाहिलेला झेंडा, इतक्या वर्षांची वाट, सगळं एका हाताच्या अंतरावर. संघप्रिया पुटपुटली, "घे, आजी."

तुळसाबाईंनी हात मांडीवरच ठेवला.

"तुमचं माझं मिटलं, पंढरीनाथराव. चंपाचं कुठं मिटलं?"

हसणं थांबलं. सगळ्यांच्या माना गेटकडे वळल्या. पंढरीनाथांनी दोरीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून नुकती मी निघाले होते, त्यामुळे सभ्य भाषेचा आधार उरला नव्हता. ते खिशावरचा माईक हाताने झाकून हळू म्हणाले, "चंपा, त्या दिवशी जरा... चुकलंच."

मला वाटलं, चंपा मान खाली घालेल. तिने झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"माईकवर बोला, साहेब. तेव्हा पण सगळ्यांनी ऐकलं होतं."

मित्रांनो, मी अनेक राज्यं पाहिली आहेत, पण जिना धुणाऱ्या बाईने साहेबाला असं सुनावलेलं कधी ऐकलं नाही. पंढरीनाथांनी हात बाजूला घेतला. "चंपाताई, मी बोललो ती शिवी होती. चुकलो. माफ करा." आवाज नाक्यापर्यंत गेला. माझ्याइतकाच लांब.

संघप्रियाने झेंडा खाली घेऊन गाठ सोडवली आणि पुन्हा नीट बांधून वर चढवला. तुळसाबाईंनी चंपाला जवळ बोलावून आपल्या शेजारी उभं केलं आणि दोरी ओढली. झेंडा उघडला. झेंडूच्या पाकळ्या पंढरीनाथांच्या टोपीवर, हंसाबेनच्या चष्म्यावर आणि दोघींच्या खांद्यांवर पडल्या.

मित्रांनो, मला तुमच्या तोंडी ठेवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही ठेवलंत तरी मी रडणार नाही. आणखी शंभर वर्षांनी माझा अर्थ काय असेल, मलाही ठाऊक नाही. पण एक करा. शब्द कुठल्या भाषेतून आला, बाईंनी फळ्यावर लिहू दिला की नाही, यावरून शिवी ओळखू नका. तो शब्द ऐकून कुणाची मान खाली जाते, ते बघा. तो तुमच्या घरात लहानपणापासून चालत आलेला असला, तर आधी बघा.

राष्ट्रगीत संपलं. चंपा सवयीने पाकळ्या झाडायला झाडू आणायला निघाली. तुळसाबाईंनी तिचा हात धरून तिला आपल्या खुर्चीत बसवलं, आणि बापाच्या पाठीवर पडली होती तशी एक थाप तिच्या पाठीवर मारली.

"ब्लडी गुड, चंपा!"